मुंबईतल्या घरातला पहिला एसी: गारव्याची सोय आणि ताज्या हवेची सोय

आमच्याकडे गोरेगावला पहिला एसी लागला, त्या उन्हाळ्यात आई रोज सकाळी म्हणायची, "झोप झाली गं, पण डोकं जड आहे." आम्ही दोष गारव्याला दिला. तापमान २४ चं २६ केलं, तिला मफलर दिला. फरक पडला नाही. पुढे कार्बन डायऑक्साइड मोजायचं एक छोटं यंत्र घरी आणलं आणि तिच्या उशाशी ठेवलं. रात्री ११ वाजता आकडा ६०० पीपीएमच्या (म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ६०० भाग) आसपास होता. पहाटे ५ ला २,३०० च्या पुढे. बाहेरच्या मोकळ्या हवेत हा आकडा सव्वाचारशेच्या घरात असतो. खोलीत दोन माणसं, दार बंद, खिडक्या बंद, दाराखाली टॉवेल. आई आणि मावशी रात्रभर एकमेकींनी सोडलेलीच हवा पुन्हा पुन्हा घेत होत्या.

म्हणून नव्याने एसी घेणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगते: स्प्लिट एसी बाहेरची हवा आत आणत नाही. आतला डबा आणि बाहेरचा डबा यांच्यात दोन तांब्याच्या नळ्या, एक वायर आणि पाणी जायचा पाइप, एवढंच असतं. नळ्यांतून गॅस फिरतो, खोलीतली उष्णता उचलतो आणि बाहेर नेऊन टाकतो. हवा मात्र खोलीतलीच गोल फिरते. विंडो एसीला छोटी झडप असते, पण तिने होणारी हवेची अदलाबदल फार थोडी असते. तेव्हा गारव्याची सोय एक आणि ताज्या हवेची सोय दुसरी. दोन्ही आपल्याला वेगवेगळ्या कराव्या लागतात, आणि दुसरीचा विचार खरेदीच्या आधीच करायचा असतो.

दुकानात जाण्याआधी खोली बघा

टेप घेऊन खोलीची लांबी-रुंदी मोजा. कोणती भिंत पश्चिमेला आहे, वर गच्ची आहे की दुसऱ्याचं घर, हे लिहून ठेवा. मग एक उदबत्ती लावा. सगळी दारं-खिडक्या उघडून ती प्रत्येक खिडकीच्या तोंडाशी धरा आणि धूर कुठे जातो ते पाहा. नंतर खोलीचं दार बंद करून दाराखालच्या फटीशी धरा. सकाळी एकदा, दुपारी ४ ला एकदा आणि रात्री एकदा असं करा. तुमच्या घरात वारा कुठून येतो आणि कुठून निघतो, हे दहा मिनिटांत कळतं.

शाळेत भूगोलात शिकलेले खारे वारे आणि मतलई वारे इथे उपयोगी पडतात. दिवसा जमीन तापते आणि समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून-वायव्येकडून वारा येतो. रात्री तो मंदावतो किंवा उलटा वाहतो. पश्चिमेची खिडकी दुपारनंतर ऊन देते हे खरं, पण वारंही तीच देते. तिला कायमचं प्लायवूड ठोकून तिथे एसी बसवायची चूक करू नका. हल्लीच्या सरकत्या खिडक्या मुळातच अर्ध्या उघडतात. त्यातला एक पल्लाही बंद झाला, तर ती खोली हवेला कायमची मुकते.

किती टनाचा, कसला

एक टन म्हणजे यंत्राचं वजन नव्हे. पूर्वी गारवा बर्फाने मोजत असत. एक अमेरिकन टन, म्हणजे साधारण ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, ती क्षमता म्हणजे एक टन. आजच्या हिशेबात सुमारे साडेतीन किलोवॉट (ही गारव्याची क्षमता, ओढलेली वीज नव्हे). ढोबळ मानाने १०० ते १२० चौरस फुटांच्या बेडरूमला एक टन पुरतो, १५० ते १८० ला दीड टन. वर गच्ची असेल किंवा पश्चिमेची भिंत तापत असेल, तर एक पायरी वर जा.

"मोठा घेतला की लवकर गार होईल" हा सल्ला मात्र मुंबईत ऐकू नका. आपला खरा त्रास घामाचा आहे, हवेतल्या दमटपणाचा आहे. एसी हवा कोरडी करतो तो आतल्या थंड कॉइलवर (गॅसच्या वेटोळ्या नळ्यांवर) बाष्पाचं पाणी करून. त्यासाठी त्याला सलग चालत राहावं लागतं. गरजेपेक्षा मोठा एसी पाच मिनिटांत तापमान गाठतो आणि थांबतो. खोली गार, पण चादर ओलसर. असं होतं.

इन्व्हर्टर एसी घ्या. त्याचा कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे हळू-जलद चालतो, म्हणून वीज वाचते. कॉइल तांब्याची असल्यास दुरुस्तीला सोपी पडते. वरळी, वांद्रे, वर्सोवा, मढ अशा समुद्रालगतच्या भागात राहत असाल, तर गंजरोधक लेप दिलेलीच कॉइल मागा, कारण खारी हवा बाहेरच्या युनिटचे पातळ पत्रे खाऊन टाकते. गॅस कोणता हेही विचारा. आर-३२ आता सर्रास मिळतो. तो सौम्य ज्वलनशील आहे, त्यामुळे त्याचं काम माहितगार माणसाकडूनच करून घ्यावं.

बीईईच्या, म्हणजे सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या, स्टार लेबलवर वर्षाला किती युनिट लागतील ते छापलेलं असतं. तो हिशेब १,६०० तासांचा असतो. तुम्ही एप्रिल, मे, जून आणि ऑक्टोबर एवढेच महिने रोज रात्री ८ तास लावणार असाल, तर तुमचे तास हजाराच्या आतच भरतात. लेबलवरचा आकडा त्या प्रमाणात कमी करून घ्या. पण लक्षात ठेवा, आपल्याकडे विजेचे दर टप्प्यांनी चढतात: १०० युनिटपर्यंत एक, ३०० पर्यंत दुसरा, ५०० पर्यंत तिसरा. एसीची युनिटं घरच्या नेहमीच्या वापरावर चढतात, म्हणजे त्यांना वरच्या टप्प्याचा महाग दर लागतो. रोज वापरणार असाल तर जास्त स्टारचा एसी परवडतो. पाहुण्यांच्या खोलीत महिन्यातून दोनदा लागणार असेल, तर तीन स्टार पुरे.

वीज आणि सोसायटी

वीजबिलावर मंजूर भार, म्हणजे एका वेळी किती किलोवॉट वीज ओढायची परवानगी आहे, ते छापलेलं असतं. बेस्ट, अदानी, टाटा किंवा महावितरण, जी कंपनी तुमच्या भागात असेल तिच्याकडे गरज पडल्यास तो वाढवून घ्या. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना साधारण दीड किलोवॉट किंवा थोडी जास्त वीज ओढतो. गिझर, इस्त्री आणि एसी एकदम चालले की जुन्या इमारतींतली वायर तापते. एसीसाठी मेन बोर्डापासून वेगळी ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, वेगळा एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारा स्विच) आणि चांगलं अर्थिंग हवं. फ्रिजच्या पॉइंटमधून एक्स्टेंशन काढून एसी चालवू नका. यात काटकसर करायचीच नाही.

सोसायटीला आधी पत्र द्या. बाहेरचं युनिट कुठे लावायचं आणि पाणी कुठे सोडायचं, हे त्यात लिहा. खालच्यांच्या छज्जावर थेंब थेंब पडणारं पाणी हे इमारतीतल्या भांडणांचं नेहमीचं कारण आहे आणि ते पाइप दोन मीटर लांब घेतल्याने टळतं. बाहेरचं युनिट बंद डक्टमध्ये, जिथे आधीच चार युनिटं गरम हवा ओकत आहेत, तिथे शक्यतो लावू नका. आपलीच गरम हवा ते परत ओढतं आणि बिल वाढतं. पुढे मोकळी जागा हवी. शिवाय मेकॅनिकला जिथे सुरक्षित उभं राहता येईल, अशीच जागा निवडा. तिसऱ्या मजल्याच्या खिडकीबाहेर पट्ट्याशिवाय लटकून काम करणारी मुलं मी पाहिली आहेत. सेफ्टी बेल्ट आणला नसेल, तर काम दुसऱ्या दिवशी करा म्हणावं.

बसवण्याच्या दिवशी घरी थांबा

एसी चांगला की वाईट, हे अर्ध्याहून जास्त या दोन तासांत ठरतं. सुट्टी टाका, पण थांबा.

भिंतीला कोअर कटिंगने भोक पाडताना त्याचा उतार बाहेरच्या बाजूला हवा, नाहीतर पावसाचं पाणी नळीच्या कडेने आत येतं. आतला डबा लेव्हल धरून लावायला सांगा. पाण्याचा पाइप सुरुवातीपासून शेवटापर्यंत उतरताच हवा, मध्ये कुठेही तो वर चढलेला चालत नाही. आमच्या पहिल्या एसीचा पाइप कपाटावरून नेताना दोन बोटं वर उचलला गेला होता. एप्रिल-मे मध्ये कळलंही नाही. जूनमध्ये दमट हवा आली, पाणी वाढलं आणि एका रात्री आईच्या पैठणीच्या कप्प्यात उतरलं. तिने पदर दोन्ही हातांत धरून पंख्याखाली वाळवला, पण जरीजवळचा डाग राहिला तो राहिलाच. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते: मेकॅनिक जायच्या आधी आतल्या डब्याची जाळी काढायला लावा, बाटलीभर पाणी हळूहळू कॉइलखालच्या ट्रेमध्ये ओता आणि बाहेर पाइपच्या टोकाशी जाऊन उभे राहा. पाणी धार धरून आलं पाहिजे. अडखळत आलं, तरी पाइप पुन्हा लावायला सांगा.

दुसरी महत्त्वाची गोष्ट व्हॅक्यूमची. नळ्या जोडल्यावर त्यांच्या आत हवा आणि ओलावा राहतो. तो व्हॅक्यूम पंपाने ओढून काढावा लागतो, साधारण २० ते ३० मिनिटं. मग पंप बंद करून दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा जागेवर राहतो का ते पाहायचं. काटा सरकला, तर जोड गळतोय. घाईत असलेले लोक पंप आणतच नाहीत. ते युनिटमधला थोडा गॅस सोडून त्याच्या जोराने हवा बाहेर काढतात. एसी त्या दिवशी चालतो, पण आत राहिलेला ओलावा कॉम्प्रेसरचं आयुष्य खातो, आणि कंपनीने मोजून भरलेला गॅसही कमी होतो. बुकिंग करतानाच विचारा, "पंप घेऊन येणार ना?" आल्यावर आधी पंप बघा. शेवटी जोडांवर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते तपासायला सांगा.

नळी जास्त लागली तर फुटाच्या हिशेबाने पैसे घेतात. दर आधी ठरवा आणि बिलावर लिहून घ्या.

आता हवा

ताजी हवा हवी म्हणून एसी चालू असताना खिडकी सताड उघडली, तर काय होतं ते आकड्यांत बघू. जुलैच्या रात्री बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर एक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असतं. आत २६ अंश आणि ५५ टक्के ठेवलं, तर साडेतेरा ग्रॅम. दहा बाय बाराच्या खोलीत साधारण ३२ घनमीटर हवा मावते. ती तासातून एकदा जरी पूर्ण बदलली, तरी दर तासाला एक तृतीयांश लिटरहून जास्त पाणी आत येतं. आठ तासांत पावणेतीन लिटर. ते सगळं एसीला काढावं लागतं. आपल्या शहरात ताजी हवा फुकट येत नाही, तरी ती घ्यायचीच असते. फक्त मोजून घ्यायची.

सगळ्यात सोपा उपाय आम्ही केला. दाराखालचा टॉवेल काढला, खिडकी एक बोट उघडी ठेवली आणि फटीला डासांची जाळी चिकटवली. पहाटेचा आकडा १,१०० च्या आसपास आला. आईचं डोकं दुखायचं थांबलं. बिलात पडलेला फरक आम्हाला सोसण्याजोगा होता.

खिडकी रस्त्यावर असेल, आवाज येत असेल, तर बेडरूमचं दार किलकिलं ठेवा आणि हॉलची खिडकी उघडी राहू द्या. ते शक्य नसेल, तर बाथरूमचा एक्झॉस्ट पंखा दर तासाला दहा-पंधरा मिनिटं चालेल असा टायमर लावा. मात्र पंखा हवा बाहेर फेकतो, तेव्हा तितकीच हवा कुठून तरी आत येते. तिला स्वच्छ वाट दिली नाही, तर ती शाफ्टमधून किंवा ड्रेनेजच्या जाळीतून वासासकट येते. उदबत्ती पुन्हा धरा आणि ती वाट कुठे आहे ते शोधा.

समोर रिडेव्हलपमेंट चालू असेल, तर खिडकीची फट धूळ आणते. एसीची जाळी फक्त केस आणि जाड धूळ अडवते, पीएम २.५ सारखे बारीक कण तिच्यातून आरपार जातात. अशा घरांसाठी फिल्टर लावलेला, हवा आत ढकलणारा छोटा पंखा चांगला. भिंतीला चार इंची भोक, बाहेर पावसापासून झाकण, आत फिल्टर. हवा आत ढकलली जात असल्याने फटींतून धूळही कमी येते. फिल्टर काळा पडला की बदलायचा. मोठ्या घराचं नवं काम काढत असाल, तर ईआरव्ही नावाच्या यंत्राबद्दल विचारा. त्यात बाहेर जाणारी कोरडी गार हवा आणि आत येणारी दमट गरम हवा एका पातळ पडद्याच्या दोन बाजूंनी जातात. आत येणारीचा बराचसा दमटपणा आणि उष्मा बाहेर जाणारीला दिला जातो, त्यामुळे एसीवरचा बोजा हलका होतो. त्याला डक्ट लागतात, म्हणून फॉल्स सीलिंग होण्याआधीच ठरवावं.

मोजायचं यंत्र घेणार असाल, तर एनडीआयआर सेन्सर (इन्फ्रारेड किरणांनी थेट कार्बन डायऑक्साइड मोजणारा) आहे का ते पाहा. काही स्वस्त यंत्रं कार्बन डायऑक्साइड मोजत नाहीत, दुसऱ्या वायूंवरून अंदाज बांधतात. आकडा हजाराच्या आसपास राहिला की ठीक.

आणि आता सगळ्यात गंभीर गोष्ट. घरात गॅसचा गिझर असेल, तर तो बंद बाथरूममध्ये कधीही नको. जळताना तो खोलीतलाच ऑक्सिजन घेतो. हवा कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो आणि आत कडी असते. अशाने जीव गेले आहेत. गिझर बाथरूमच्या बाहेर मोकळ्या हवेच्या जागी लावा, धूर नळीने थेट बाहेर काढा. नुसता एक्झॉस्ट पंखा लावून भागत नाही. हवा आत यायला वाट नसेल, तर तो पंखा गिझरचा धूर उलटा आतच ओढू शकतो. एसीसाठी घराच्या फटी बुजवताना हा विचार आधी करा. स्वयंपाकघराची खिडकी आणि चिमणीची वाटही कधी बंद करू नका.

रोजचा वापर

१ जानेवारी २०२० पासून देशातले नवे एसी २४ अंशांवरच सुरू होतात. तिथून एकेक अंश वर नेऊन पाहा. बीईईच्या हिशेबाने दर अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते. २६ अंश आणि छताचा पंखा १ किंवा २ वर, हे बहुतेकांना पुरतं. १८ वर लावल्याने खोली लवकर गार होत नाही.

पावसाळ्यात वेगळं वागावं लागतं. बाहेर २७ अंशच असतात, इन्व्हर्टर एसी अगदी हळू चालतो आणि हवा कोरडी करणं राहून जातं. अंग चिकट वाटायला लागलं की ड्राय मोड लावा किंवा तासभर २४ वर आणून परत वर न्या. भिंतीला बुरशी येऊ नये म्हणून कपाट भिंतीपासून दोन-तीन इंच पुढे ओढा.

जाळी दर १५ दिवसांनी काढून नळाखाली धुवा आणि सावलीत वाळवा. मार्चच्या आधी एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा पूर्ण सर्व्हिसिंग करा. त्या वेळी कोणी "गॅस कमी झालाय, भरावा लागेल" म्हणालं, तर गळती कुठे आहे ते आधी दाखवायला सांगा. गॅस पेट्रोलसारखा संपत नसतो. कमी झाला असेल तर कुठून तरी गळतोय, आणि ती जागा बुजवल्याशिवाय भरलेला गॅस पुन्हा जाणारच.

खिडक्या कधी उघडायच्या, हे ऋतूप्रमाणे बदलतं. उन्हाळ्यात पहाटे आणि सकाळी. नोव्हेंबर ते फेब्रुवारी मात्र सकाळच्या धुरकट हवेत उघडू नका. तेव्हा थंड हवा जमिनीलगत बसते आणि धूर तिच्यातच अडकून राहतो. दुपारी ऊन तापून खारे वारे सुरू झाले की ती हलते. साधारण २ ते ५ ही वेळ चांगली. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'समीर' अ‍ॅपवर जवळच्या केंद्राचा आकडा दिसतो, तो पाहून ठरवा.

नोव्हेंबरमध्ये एसी बंद करून ठेवायच्या दिवशी तासभर नुसत्या फॅन मोडवर चालवा, म्हणजे कॉइल आणि ट्रे कोरडे होतील. मग जाळी धुऊन बसवा आणि एमसीबी खाली करा. बाहेरच्या युनिटला प्लास्टिक गुंडाळू नका, आत दमटपणा कोंडतो आणि पत्रा लवकर गंजतो. रिमोटमधले सेल काढून रिमोट त्याच खोलीच्या खणात ठेवा.